देव, नास्तिक, सैतान : तिघांनाही एकच सवाल

सैतानाचं देऊळ बांधणारे लोक सैतान मानत नाहीत. दोस्तहो, आधी ही गंमत ध्यानात घ्या. मग पुढचं भांडण कळेल.

अमेरिकेत तीन टोळ्या एकमेकींच्या उरावर बसल्यात. पहिली टोळी पोथीवाल्यांची. ती म्हणते, देव आहे, बायबल खरं आहे आणि देव न मानणारा सैतानाच्या पंगतीतला. दुसरी टोळी नास्तिकांची. ती म्हणते, देव नाही, सैतान नाही, दोन्ही भाकडकथा. विज्ञान शिका आणि मोकळे व्हा. तिसरी टोळी सैतानवाद्यांची. ती म्हणते, देव नाही, सैतानही नाही, पण आम्ही सैतानाचेच! कारण सैतान म्हणजे मालकाच्या तोंडावर 'नाही' म्हणणारा पहिला बंडखोर. एकोणिसाव्या शतकात बकुनिननंही सैतानाला असंच पहिला मुक्त विचारवंत ठरवलं होतं. या टोळीतही फाटाफूट आहेच. १९७५ साली मायकेल अक्विनो नावाचा एक गडी बाहेर पडला आणि त्यानं वेगळं मंदिर काढलं. त्याचं म्हणणं, हे नुसतं प्रतीक नाही, ती शक्ती खरोखरची आहे. हा गडी अमेरिकन लष्करात मानसशास्त्रीय युद्धाचा अधिकारी होता. घ्या! सैतानाचा पुजारी आणि पगार सरकारचा.

हे सगळं सातासमुद्रापलीकडचं आहे, आपल्याला काय त्याचं, असं म्हणून भागत नाही. शिंगवाला बोकड छापलेला काळा शर्ट घालून आपलंच पोरगं कट्ट्यावर येतं आणि विचारतं, "बामनांनी आपल्याला असुर म्हटलं, राक्षस म्हटलं. मग सैतान आपलाच की! आपण का नाही त्याला डोक्यावर घ्यायचं?" सवाल खरा आहे. पोरगं वाया गेलेलं नाही. त्याला हसून वाटेला लावणारे पांढरपेशे पुरोगामी मूर्ख आहेत, आणि 'हे पाप आहे' म्हणून कान धरणारे त्याहून मूर्ख.

त्याला उत्तर द्यायचं तर आधी प्रश्न सरळ करावा लागतो. देव आहे की नाही, हा दुसरा प्रश्न. पहिला प्रश्न असा : तुझ्या देवानं, तुझ्या नास्तिकपणानं, तुझ्या सैतानानं माणसाच्या डोक्यावर बसलेला माणूस खाली उतरवला, की त्याला बसायला गादी दिली? तिघांनाही हाच सवाल. आणि तिघांचीही परीक्षा कागदावर घ्यायची नाही, जमिनीवर घ्यायची.

खाडीच्या दोन काठांवर

साल १९६६. गाव सॅन फ्रान्सिस्को. ३० एप्रिलच्या रात्री अँटन लावे नावाच्या माणसानं डोकं तासून 'चर्च ऑफ सेटन' काढलं आणि ते साल सैतानाचं पहिलं वर्ष म्हणून जाहीर केलं. कॅलिफोर्निया स्ट्रीटवरचं त्याचं घर बाहेरून काळं रंगवलेलं. घरात सिंह पाळलेला. शेजाऱ्यांची झोप उडाली तेव्हा तो सिंह प्राणिसंग्रहालयात गेला. १९६७ साली सैतानाच्या साक्षीनं लग्न, सैतानाच्या नावानं स्वतःच्या मुलीचं बारसं. वेदी म्हणून उघडी बाई झोपवायची आणि वर्तमानपत्रवाल्यांना बोलवायचं. बंडखोरी बघा यांची! देव हाकलला, पण बाईचं शरीर पूजेचं सामान म्हणून तसंच ठेवलं. देवदासी सोडायच्या प्रथेविरुद्ध झगडलेल्या माणसांना यात नवं काय दिसणार?

१९६९ साली लावेचं पुस्तक आलं. 'सेटॅनिक बायबल'. सैतान हे माणसाच्या वासनांचं, अहंकाराचं, मोकळेपणाचं प्रतीक आहे, प्रत्यक्षात सैतान नावाचा कुणी नाही, असं हा पंथ उघड सांगतो. म्हणजे पक्के नास्तिक. इथपर्यंत आमची हरकत नाही. माणसानं शरीराची लाज बाळगू नये, पाद्र्याला भिऊ नये, हेही ठीक. पण पुढं वाचा. पुस्तकाच्या सुरुवातीचा मोठा भाग लावेनं दुसरीकडून उचललाय. कुठून? एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रॅग्नर रेडबिअर्ड या टोपणनावानं निघालेल्या 'माइट इज राइट' या पुस्तकातून. नावातच सगळं आलं. बळी तो कान पिळी. जो बलदंड, तोच खरा. दुबळा जन्मला तो तुडवला जायलाच जन्मला. मूळ पुस्तक वंशद्वेषानं सडलेलं. लावेनं त्यातली उघड वंशद्वेषाची घाण गाळली, पण गाभा तसाच ठेवला. आयन रँडशी आपलं नातं त्यानं स्वतःच सांगितलंय. १९८८ साली त्यानं पंथाचा पाच कलमी कार्यक्रम लिहिला, त्यातलं पहिलं कलम कोणतं? समाजाची प्रतवारी! सगळी माणसं समान हे थोतांड सोडून द्या, ज्याची त्याची पायरी ज्याला त्याला मिळू द्या.

वाचून हसू येतं आणि संतापही येतो. अरे, एवढ्यासाठी सैतान कशाला पाहिजे होता? हे तर आमच्याकडं हजारो वर्षं चाललंय! मनूला पायऱ्या बांधायला ब्रह्मदेवाचं तोंड आणि पाय लागले. लावेनं ब्रह्मदेव काढून टाकला आणि पायऱ्या जशाच्या तशा ठेवल्या. देवाशिवायचा मनू, एवढंच. शिंगं लावली म्हणून मनू बंडखोर होत नाही.

आता पूल ओलांडा. सॅन फ्रान्सिस्कोच्या समोर, खाडीच्या दुसऱ्या काठावर ओकलंड. साल तेच, १९६६. महिना ऑक्टोबर. ह्यूई न्यूटन आणि बॉबी सील या दोन काळ्या तरुणांनी 'ब्लॅक पँथर पार्टी' काढली. यांच्याही अंगात काळंच. काळी लेदर जाकिटं, काळ्या टोप्या. दहा कलमी कार्यक्रम यांचाही. पण कलमं कसली? काम पाहिजे, घर पाहिजे, खरं शिक्षण पाहिजे, पोलिसांची दंडेली थांबली पाहिजे. १९७२ साली मुंबईत आपल्या पोरांनी 'दलित पँथर' हे नाव घेतलं, ते खाडीच्या या काठावरून घेतलं. काळ्या घराच्या काठावरून घेतलं नाही. हे नातं विसरू नका.

पुढं ऐका. जानेवारी १९६९. लावेचं पुस्तक ज्या साली आलं तेच साल. ओकलंडच्या पँथरनी शाळेत जाणाऱ्या मुलांसाठी फुकट न्याहारी सुरू केली. उपाशी पोटी पोरगं शिकणार काय? साधा हिशोब. पँथर म्हणजे मार्क्स वाचणारे, माओ वाचणारे गडी. त्यांनी चूल कुठं मांडली? चर्चमध्ये! सेंट ऑगस्टिन नावाच्या चर्चमध्ये. तिथले पाद्री अर्ल नील यांनी दार उघडलं. देवाला बाजूला सारणारे आणि देवाला मानणारे एका ओट्यावर उभे राहून अंडी तळत होते. देव आहे की नाही यावर त्यांची रोज सकाळी सभा भरत नव्हती. पोरं यायची होती, शाळेची घंटा व्हायची होती. पाहता पाहता ही न्याहारी शहराशहरांत गेली आणि हजारो पोरं जेवली.

आता बघा राज्यकर्त्यांचं नाक किती तिखट असतं. सैतानाचं नाव घेणाऱ्या लावेचं त्यांनी काय केलं? तो १९७१ साली 'लुक' मासिकाच्या मुखपृष्ठावर झळकला. आणि पोरांना न्याहारी देणाऱ्यांचं काय केलं? एफबीआयचा प्रमुख हूव्हर यानं १९६९ सालीच पँथर पार्टी हा देशाच्या अंतर्गत सुरक्षेला सगळ्यात मोठा धोका असल्याचं जाहीर केलं. त्याच वर्षी ४ डिसेंबरच्या पहाटे शिकागोत पोलीस फ्रेड हॅम्प्टनच्या घरात घुसले आणि त्याला अंथरुणात गोळ्या घातल्या. घराचा नकाशा एफबीआयच्या खबऱ्यानं पुरवलेला. हॅम्प्टनचं वय एकवीस. त्याच्याबरोबर मार्क क्लार्कही गेला.

पँथर देवदूत नव्हते. त्यांच्यात फूट पडली, आपसात रक्त सांडलं, बायांना दुय्यम वागवलं गेलं, आणि तिथल्या बायांनीच त्याचा जाब विचारला. ते झाकायचं कारण नाही. पण त्या १९६९ सालात सत्तेला खरा सैतान कोण वाटला, ते पुरतं दिसलं. शिंगं लावणारा तिला गंमत वाटला. भाकरी वाटणारा तिला सैतान वाटला.

सैतान कुणाच्या अंगात घालतात?

आता पोथीवाल्यांकडं वळू. त्यांचा दावा असा, की देव मानला नाही तर नीती राहत नाही. ठीक. तुमची नीती बघू.

१६९२ साल. मॅसॅच्युसेट्समधलं सेलम. सैतानाशी करार केल्याच्या आरोपावरून एकोणीस जण फासावर गेले. एकाला अंगावर दगड रचून मारलं. पहिल्यांदा कुणावर बोट ठेवलं? तीन बायांवर. एक टिटुबा, पाद्र्याच्याच घरातली गुलाम. दुसरी सारा गुड, दारोदार मागून खाणारी. तिसरी सारा ऑस्बॉर्न, आजारी, कोर्टकज्ज्यात अडकलेली, गावानं ओवाळून टाकलेली. गुड फासावर गेली, ऑस्बॉर्न तुरुंगात मेली, टिटुबा कबुली देऊन जगली. सैतान शोधायला निघालेला धर्म सरळ गुलामाच्या आणि भिकारणीच्या दारात कसा पोचतो? त्याला रस्ता पाठ असतो म्हणून! आपल्याकडं गावात रोगराई आली की चेटूक केल्याचा आळ कुणावर येतो? वाड्यातल्या बाईवर कधी आलाय?

म्हणाल, जुनी गोष्ट. मग नवी घ्या. १९८० नंतर अमेरिकेत सैतानाची भुताटकी पुन्हा उठली. सैतानाचे गुप्त अड्डे पोरांचे बळी देतात, अशी आवई. १९८३ साली कॅलिफोर्नियातल्या मॅकमार्टिन बालवाडीवर आरोप झाले. सात जण आरोपी. खटला १९९० पर्यंत रखडला. एकालाही शिक्षा झाली नाही, कारण पुरावाच नव्हता. एक तरुण मात्र गुन्हा शाबीत न होता पाच वर्षं आत बसला. १९९२ साली एफबीआयच्याच अभ्यासकानं, केनेथ लॅनिंगनं, अहवाल दिला, की माणसांचे बळी देणाऱ्या सैतानी संघटनांचा कसलाही पुरावा सापडत नाही.

अहवाल कुणी वाचला? पुढच्याच वर्षी, मे १९९३ मध्ये, आर्कान्सा राज्यातल्या वेस्ट मेम्फिसमध्ये आठ-आठ वर्षांची तीन मुलं मारली गेली. भयानक गुन्हा. पोलिसांनी तीन पोरं उचलली. डेमियन एकल्स अठरा वर्षांचा, जेसी मिस्केली सतराचा, जेसन बाल्डविन सोळाचा. तिघंही गरिबाघरची. एकल्स काळे कपडे घालायचा, मेटॅलिका ऐकायचा, जादूटोण्याची पुस्तकं वाचायचा. झालं! मिस्केलीची समज मुळातच कमी. त्याला तासन्‌तास बसवून कबुली काढली. एकल्स आणि बाल्डविनच्या खटल्यात सैतानी विधींचा तज्ज्ञ म्हणून साक्षीला आणलेल्या माणसाची डॉक्टरेट टपालानं मिळवलेली. १९९४ साली एकल्सला देहदंड आणि बाकी दोघांना जन्मठेप. अठरा वर्षं तिघं आत सडले. १९ ऑगस्ट २०११ ला सुटले ते कसे? 'आम्ही निर्दोष आहोत, पण सरकारकडं शिक्षेपुरता पुरावा आहे हे मान्य करतो,' अशा कायद्याच्या करामतीवर. पोरांची अठरा वर्षं गेली आणि सरकारची अब्रू वाचली.

या आर्कान्साच्या १८७४ सालच्या राज्यघटनेत एक कलम आहे. देव नाकारणाऱ्या माणसाला सरकारी पद नाही आणि कोर्टात त्याची साक्षही नाही. १९६१ साली सर्वोच्च न्यायालयानं मेरिलँडच्या खटल्यात असल्या अटींचा जीव काढून घेतला, पण कलमाचं मढं अजून घटनेत पडून आहे. म्हणजे नास्तिकाचा शब्द शब्द नाही. ज्याचा शब्द शब्द नाही, त्याची सावलीही विटाळाची. ही भाषा आम्हाला नवी नाही.

तेव्हा पोथीवाल्यांनी नीतीच्या गप्पा जपून माराव्यात. पण म्हणून सगळ्या धार्मिकांना एका दोरीनं बांधायचं का? तेही करायचं नाही. गुलामांच्या मालकांनी बायबलचाच आधार घेतला, आणि गुलामीतून पळून सुटलेल्या फ्रेडरिक डग्लसनं १८४५ सालच्या आपल्या आत्मकथनात ख्रिस्ताचा धर्म आणि गुलामवाल्यांचा धर्म यांत उभी रेघ मारली. १९६३ साली बर्मिंगहॅमच्या चर्चमध्ये बाँब फुटून चार काळ्या मुली मेल्या. गोऱ्या दहशतवाद्यांनी चर्चच का निवडलं? कारण काळ्यांची चळवळ तिथं जमत होती. एकाच ख्रिस्ताच्या नावानं एकजण बाँब ठेवतो, दुसरा मोर्चा काढतो. मग देवाचं नाव हा काही पुरावा होत नाही. पुरावा हातात काय आहे तो.

देव गेला, उतरंड राहिली

आता नास्तिक मित्रांनो, तुमच्याकडं. तुम्ही आमचे, म्हणून जरा जास्त.

तुमचं काम मोठं आहे. सरकारी शाळेत सकाळी बायबल वाचायची सक्ती १९६३ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं घटनाबाह्य ठरवली, त्यात मॅडलिन मरे ओहेअर या नास्तिक बाईचा खटला होता. 'अमेरिकेतली सर्वांत तिरस्कृत स्त्री' ही पदवी तिनं अंगावर मिरवली. तिच्या हिमतीला सलाम. पण त्याच निकालात जोडीला दुसरा खटला होता तो शेंप कुटुंबाचा. ते नास्तिक नव्हते, युनिटेरियन चर्चला जाणारे होते. म्हणजे सक्ती मोडायला दोन्ही लागले.

तुमचं बिघडतं ते इथं, की देव गेला म्हणजे सगळं गेलं असं तुम्ही धरून चालता. आयन रँडचा देव गेला होता. गरिबाबद्दलची तिची तुच्छता गेली का? लावेचा देव गेला होता. प्रतवारी गेली का? आपल्याच देशात बघा. मनूच्या व्याख्येत नास्तिक म्हणजे देव न मानणारा नव्हेच. वेदाची निंदा करणारा तो नास्तिक. पूर्वमीमांसावाल्यांना सृष्टी करणारा देव लागत नव्हता, तरी ते आस्तिक! कुमारिल भट्टानं सृष्टिकर्ता ईश्वर नाकारला. वेद आणि वर्ण सोडले नाहीत, आणि बौद्धांवर तुटून पडला. भटशाहीला देव सोडायला कधीच अडचण नव्हती. तिचा जीव देवात नाही, उतरंडीत आहे. देव मारून बसलेल्या माणसाच्या घरात पोरीचं लग्न अजून जातीतच ठरत असेल, तर त्याचा नास्तिकपणा हा दिवाणखान्यातला फुलदाणीचा तुकडा आहे.

मग खरा नास्तिक कसा असतो? ह्यूबर्ट हॅरिसन बघा. कॅरिबियनमधल्या सेंट क्रॉइ बेटावरून न्यूयॉर्कला आलेला काळा मजूर. हार्लेमच्या रस्त्यावर उभा राहून तो देव-धर्म-गुलामी यांचं नातं उलगडून सांगायचा. त्याचा मुद्दा असा, की ज्यांच्या गुलामीवर धर्मानं शिक्का मारला त्यांना मुक्त विचाराची गरज गोऱ्यांपेक्षा जास्त आहे. जेम्स फोरमन बघा. दक्षिणेतल्या विद्यार्थी चळवळीचा कारभारी, पक्का नास्तिक. दिवसरात्र चर्चमधल्या माणसांबरोबर राबला, देवावरून त्यांच्याशी भांडत बसला नाही. आणि पुन्हा तेच साल, १९६९! ४ मे रोजी हा नास्तिक न्यूयॉर्कच्या श्रीमंत रिव्हरसाइड चर्चमध्ये भर प्रार्थनेत उभा राहिला आणि गोऱ्या चर्चांकडं आणि सिनेगॉगांकडं गुलामीच्या भरपाईचे पन्नास कोटी डॉलर मागितले. देव आहे की नाही ते राहू द्या, आधी हिशोब काढा! नास्तिकपणाला असा कणा पाहिजे.

शिंगवाल्यांचा नवा अवतार

२०१३ साली 'सेटॅनिक टेंपल' नावाची नवी मंडळी आली. हे लावेचे वारस नाहीत. लावेचं चर्च यांना सैतानवादी मानायलाच तयार नाही. यांचं पहिलं तत्त्व करुणा. स्वतःच्या शरीरावर ज्याचा त्याचा हक्क, हेही एक तत्त्व. म्हणून गर्भपाताच्या हक्कासाठी ते कोर्टात जातात. सैतान यांनाही प्रतीकच. २०१९ साली अमेरिकन आयकर खात्यानं यांना चर्च म्हणून करमाफी दिली. यांचं मुख्य ठाणं कुठं आहे माहितंय? सेलमला! जिथं सैतानाच्या नावानं भिकारीण फासावर गेली, तिथं आता सैतानाच्या नावानं तिकीट काढून आत जायचं.

यांची युक्ती चलाख आहे. ओक्लाहोमाच्या विधानभवनासमोर २०१२ साली दहा आज्ञांची शिळा बसवली. हे म्हणाले, छान! एका धर्माला जागा दिली ना, मग आमचा बोकडतोंड्या बॅफोमेटही शेजारी बसवा. साडेआठ फुटी पुतळा ओतून घेतला. पोथीवाल्यांना घाम फुटला. धर्मस्वातंत्र्य म्हणजे फक्त स्वतःच्या धर्माचं स्वातंत्र्य, हे त्यांच्याच तोंडून वदवून घेतलं. एवढं श्रेय त्यांना द्यायलाच पाहिजे.

पण शिळा हलवली कुणी? २०१५ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं ती काढायला लावली, त्या खटल्यातला पहिला वादी ब्रूस प्रेस्कॉट हा बाप्टिस्ट पाद्री होता! सरकारनं धर्माला हात लावला की धर्म बाटतो, असं मानणारा ख्रिस्ती. त्याला शिंगं लागली नाहीत. कायदा आणि कणा, एवढ्यावर काम झालं. गाजावाजा पुतळ्याचा झाला, शिळा पाद्र्यानं हलवली.

या नव्या सैतानवाद्यांशी आमचं वैर नाही. माणूस म्हणून ते लावेपेक्षा शंभर पटीनं बरे. पण त्यांची मर्यादा त्यांच्या प्रतीकातच आहे. सैतान हा ख्रिस्ती वाड्यातला भाडेकरू. वाडा पाडला की तो बेघर. ज्याला सैतानाची भीती वाटते तो समोर आहे तोवरच यांचं नाटक चालतं. आणि शिंगांची भीती वाटणाऱ्याला चिडवणं हे काम पोट भरलेल्या माणसाला परवडतं. वेस्ट मेम्फिसच्या गरीब पोरानं काळा शर्ट घातला तर देहदंड. बड्या वकिलांची संस्था पाठीशी असलेल्यानं घातला तर करमाफी. शर्ट तोच. हा फरक ज्याला दिसत नाही त्यानं बंडाच्या गोष्टी करू नयेत.

बोकडाचा शर्ट घातलेल्या पोरा, आता तुझं उत्तर

तू म्हणतोस, त्यांनी आपल्याला असुर म्हटलं, म्हणून सैतान आपला. नाही रे बाबा. शत्रूच्या पोथीतला खलनायक उचलून त्याला नायक केलं तरी पोथी शत्रूचीच राहते. उलटा टांगलेला फोटोसुद्धा त्याच्याच भिंतीवर असतो.

महात्मा फुल्यांनी काय केलं ते बघ. १८७३ साली 'गुलामगिरी' लिहिली आणि ती अर्पण केली अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना. त्यात बळी आहे. तो कुणाच्या देवाचं विडंबन म्हणून आलेला नाही. तो शेतकऱ्यांचा राजा म्हणून आला, ज्याचं राज्य पुन्हा यावं असं बाया दिवाळीला ओवाळताना आजही म्हणतात. ती आठवण आमची होती, पोथीनं गाडली होती, फुल्यांनी ती उकरून काढली. बळीला शिंगं नाहीत. त्याच्याकडं जमीन आहे, धान्य आहे, न्याय आहे. गाडलेला राजा वर काढणं वेगळं आणि परक्याचं भूत अंगात घेणं वेगळं.

आणि बाबासाहेबांनी तर या तिघांच्या भांडणाचा पायाच काढून घेतला. १४ ऑक्टोबर १९५६. नागपूर. लाखो माणसांनी बावीस प्रतिज्ञा घेतल्या. देव नाकारले, अवतार नाकारले, श्राद्ध-पिंड नाकारले. मग ते नास्तिक झाले का? पोथीवाल्यांच्या हिशोबानं पक्के. पण तिथंच थांबले नाहीत. सगळी माणसं समान मानीन, समता आणण्याचा यत्न करीन, चोरी करणार नाही, दारू पिणार नाही, सगळ्या प्राण्यांवर दया करीन, हेही त्याच दमात म्हणाले. म्हणजे धार्मिक झाले का? 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी फरक स्वच्छ केलाय : धर्म देव-आत्मा-कर्मकांडाभोवती फिरतो, धम्म माणसानं माणसाशी कसं वागावं याभोवती. देव नाही आणि नीती आहे. पोथीवाला म्हणतो हे शक्य नाही. लावे म्हणतो, देव गेला की दुबळ्याला तुडवायला मोकळीक. दोघांनाही नागपूरच्या त्या मैदानानं खोटं पाडलं.

हा सवाल आपल्या विहारालाही लागू आहे, हे ध्यानात ठेवा. मेणबत्ती लावून, वंदना म्हणून उठलो आणि वस्तीतल्या पोटजातींनी एकमेकांच्या घरी सोयरीक टाळली, तर बुद्ध भिंतीवरचा फोटो झाला. फोटो देवाचा असो, बोकडाचा असो की बुद्धाचा, भिंतीवरून तो कुणालाच न्याहारी देत नाही.

म्हणून दोस्तहो, कुणी तुम्हाला 'तू आस्तिक की नास्तिक, देवाचा की सैतानाचा' असं विचारलं, तर गडबडून उत्तर देऊ नका. उलट विचारा : तुझ्या मंदिरात गाभाऱ्यापर्यंत कोण जातं आणि गटारात कोण उतरतं? तुझ्या नास्तिक मंडळाच्या कार्यकारिणीत आडनावं कुणाची? तुझ्या सैतानाच्या राज्यात दुबळ्याला भाकर आहे की लाथ? उत्तर सरळ आलं तर त्याच्याबरोबर एका ओट्यावर उभे राहा, मग तो पाद्री असो नाहीतर निरीश्वरवादी. उत्तर फिरवलं तर त्याचं दुकान ओळखा आणि पुढं चला.

आपल्या वस्तीत सकाळी उपाशी शाळेत जाणारी पोरं किती, हे आधी मोजून काढा. चूल पेटवायला एक खोली लागेल. विहार रिकामा असेल तर विहारात पेटवा.

जय भीम!